मोचे कुंभारांचे मुखघट

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील मोचे लोकांच्या (सुमारे इ. स. १०० ते ८००) मृत्पात्रांत हरिण, घुबड, समुद्रसिंह विपुल आढळतात. ते मोहक खरेच. परंतु या कुंभारांची खरी प्रतिभा आम्हांस त्यांच्या मुखघटांत दिसते.

हे घट साच्यातून काढीत, म्हणून त्यांस निव्वळ कारागिरी म्हणणे अन्यायाचे आहे. दोन अर्ध साच्यात दाबून जोडावयाचे, वर रिकिबीच्या आकाराची पोकळ तोटी बसवावयाची, लाल-पांढरा लेप द्यावयाचा, एवढीच काय ती कृती. चाक नव्हतेच. तरीही शिरोवेष्टन व मुखावरील रंगरेषा बदलून एकाच साच्यातील चेहरे निराळे होत. ओठावर व्रण असलेला एक पुरुष तर, ख्रिस्तोफर डॉनन यांच्या २००४ मधील ग्रंथानुसार, ४०हून अधिक पात्रांत बालपणापासून तिशीपर्यंत भेटतो. लिपी नसलेल्या समाजाने मातीत लिहिलेले हे चरित्रच! (त्यात नाव तेवढे नाही.)

अशा व्यक्तींपैकी काही जण अन्यत्र विवस्त्र, गळ्यात दोर असलेले बंदिवान म्हणूनही दिसतात. आम्ही ही पात्रे छायाचित्रांतूनच पाहिली. पण कुंभाराने तेथे ना विटंबना केली, ना कणव भाकली. अलंकार गेले, चेहरा तोच राहू दिला.