न विकणारा विक्रेता : यंत्रसामग्री भाडे-व्यवसायाच्या संदर्भात 'डेथ ऑफ अ सेल्समन'चे पुनर्वाचन

आर्थर मिलर यांचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे नाटक १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेव्हापासून विली लोमन या फिरत्या विक्रेत्याकडे अमेरिकी स्वप्नाचा बळी म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. आपल्याकडील इंग्रजीच्या वर्गांतही बहुधा हेच वाचन शिकविले जाते. ते चुकीचे आहे असे नव्हे. परंतु त्यात एक साधा प्रश्न राहून जातो. विलीचा धंदा नेमका कोणता होता आणि त्या धंद्यासाठी माणूस कोणत्या गुणावर निवडला जात होता? प्रस्तुत लेखात हा प्रश्न अमेरिकेतील बांधकाम-यंत्रसामग्री भाड्याने देण्याच्या व्यवसायाशेजारी ठेवून तपासावयाचा आहे. हा व्यवसाय निवडण्याचे कारण असे की त्यात विक्रेता असतो, मात्र विक्री होत नाही. वस्तूची मालकी हस्तांतरित न करताच ज्याला आपले पोट भरावयाचे आहे अशा या विक्रेत्याच्या बाजूने पाहिले असता विलीच्या शोकांतिकेचे काही दुर्लक्षित दुवे स्पष्ट होतात, असे मला वाटते.

प्रथम या व्यवसायाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. बूम लिफ्ट, सिझर लिफ्ट, बॅकहो, जनरेटर, काँप्रेसर अशी यंत्रे कंत्राटदाराने विकत न घेता दिवसाच्या, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या दराने घ्यावयाची, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेत यंत्र साधारणपणे चालकाविना दिले जाते, आणि तेथील अनेक कंपन्यांच्या हिशेबात भाड्याचा 'महिना' अठ्ठावीस दिवसांचा असतो. तेथील व्यावसायिकांची 'अमेरिकन रेंटल असोसिएशन' १९५५ मध्ये स्थापन झाली. दीर्घकाळ हा धंदा मुख्यतः गावोगावच्या घरगुती दुकानांचा होता. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड रेंटल्ससारख्या कंपन्यांनी अशी दुकाने एकामागून एक विकत घेऊन त्याचे स्वरूप पालटले.

दुकानात दोन प्रकारचे विक्रेते असतात. एक गल्ल्यामागे बसून दूरध्वनी घेणारा आणि आलेल्या गिऱ्हाइकाला यंत्र लावून देणारा. दुसरा बाहेरचा, म्हणजे 'आउटसाइड सेल्समन'. त्याला एक प्रदेश नेमून दिलेला असतो आणि तो दिवसभर गाडीतून त्या प्रदेशातील साइटी हिंडतो. त्याच्या कामाचा गाभा बोलणे हा आहे असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात पाहणे हा आहे. पाया खणला जात आहे, म्हणजे काही दिवसांत पाणी उपसण्याचे पंप लागतील. पोलादी सांगाडा चढतो आहे, म्हणजे उंचीवर काम करणाऱ्यांसाठी लिफ्ट लागतील. थंडी जवळ आली, म्हणजे हीटर लागतील. हे त्याला कोणी सांगण्यापूर्वी दिसावे लागते. निर्णय बहुधा कंत्राटदाराच्या कार्यालयात होत नाही, तो साइटवरच्या सुपरिंटेंडेंटच्या हाती असतो. या गृहस्थाला गोड बोलण्यात रस नसतो. पहाटे बंद पडलेले यंत्र सकाळी बदलून मिळेल की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते.

येथे विक्री आणि भाडे यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. मराठीत खपविण्याच्या क्रियेला 'गळ्यात मारणे' म्हणतात, आणि 'एखाद्याला गिऱ्हाईक करणे' याचा अर्थ त्याची फजिती करणे असा होतो. विकणाऱ्याविषयीचा आपला सामूहिक संशय या दोन वाक्प्रचारांत साठलेला आहे. विकलेली वस्तू गळ्यात मारून निघून जाता येते. भाड्याने दिलेली वस्तू मात्र परत येते. ती चिखलाने माखून, पत्रा चेपून, कधी काच फुटून येते आणि तिच्याबरोबर तिची तक्रारही येते. चुकीच्या उंचीची लिफ्ट पाठविली तर ती दुसऱ्याच दिवशी अंगणात उभी राहते, आणि ज्याने ती पाठविली त्यालाच पुन्हा त्या साइटवर तोंड दाखवावे लागते. सावकाराच्या किंवा वकिलाच्या आश्रयाने राहणाऱ्यास जुन्या मराठीत 'कूळ' म्हणत. भाडे-व्यवसायातील ग्राहक हा गिऱ्हाइकापेक्षा कुळाच्या अधिक जवळचा आहे. त्याच्याशी संबंध एका व्यवहाराने संपत नाही.

असे असता या कामासाठी माणूस कसा निवडला जातो? ढोबळ मानाने दोन वाटा आहेत. पहिली घरातली : गल्ल्यावरचा सहायक, यंत्र पोहोचविणारा ट्रकचालक किंवा कार्यशाळेतील मेकॅनिक यांना बाहेर पाठवावयाचे. दुसरी वाट प्रतिस्पर्धी कंपनीतून माणूस फोडण्याची. त्याच्याबरोबर त्याच्या ओळखी येतील, अशी त्यामागील अपेक्षा असते. दुसरी वाट झटपट फळ देते, म्हणून व्यवस्थापकांना ती मोहक वाटते. तीत निवडीचा निकष बदलतो, ही तिची खरी अडचण आहे. माणसाला काय ठाऊक आहे याऐवजी त्याला कोण ओळखतो, हा प्रश्न विचारला जातो. आणि ओळखी हेच भांडवल असेल, तर पुढची कंपनीही त्यालाच तेवढ्याच सहजतेने फोडू शकते.

विली लोमन या दुसऱ्या निकषाचा निस्सीम भक्त आहे. दुसऱ्या अंकात तो हॉवर्डला डेव्ह सिंगलमन या वृद्ध विक्रेत्याची कथा सांगतो. चौऱ्याऐंशी वर्षांचा सिंगलमन हॉटेलच्या खोलीत हिरव्या मखमली सपाता घालून बसतो, दूरध्वनी करतो आणि बसल्या जागी माल खपवितो. त्याच्या अंत्यविधीला शेकडो विक्रेते आणि खरेदीदार जमतात. विलीने आपले आयुष्य या चित्रावर उधळले. परंतु या चित्रात एक गोष्ट कोठेही नाही : माल. सिंगलमन काय विकत होता ते विली सांगत नाही आणि विली स्वतः काय विकतो हे मिलर सांगत नाहीत. पहिल्याच प्रवेशात विली नमुन्यांच्या दोन मोठ्या पेट्या घेऊन घरात येतो. त्या अखेरपर्यंत उघडल्या जात नाहीत. विली स्वतःलाच विकत होता, असे समीक्षकांनी यावर म्हटले आहे. हे उत्तर चमकदार आहे खरे, परंतु ते विलीचीच समजूत स्वीकारून चालते. विक्रेता हा मालाविना केवळ व्यक्तिमत्त्वावर उभा राहतो, या भ्रमाची चिकित्सा करण्याऐवजी त्याला प्रतीकाचा दर्जा दिला जातो.

नाटकात या भ्रमाला छेद देणारा पुरावा मिलर यांनी ठेवलेला आहे. विली हाताने काम करणारा उत्तम कारागीर आहे. त्याने घराचा ओटा बांधला, छत घातले, स्नानगृह उभारले. अंत्यविधीच्या प्रवेशात बिफ म्हणतो की वडिलांचे खरे अस्तित्व त्यांनी केलेल्या सगळ्या विक्रीपेक्षा त्या ओट्यात अधिक होते, आणि सिमेंट कालविताना तो सुखी असे, याला चार्ली दुजोरा देतो. या संवादांचा अर्थ सामान्यतः हरवलेल्या ग्रामजीवनाची ओढ, निसर्गाकडे परतण्याची आकांक्षा असा लावला जातो. माझ्या मते तो अधिक व्यावहारिक आहे. सिमेंट जाणणारा, हत्यार हाताळणारा, भिंत कशी उभी राहते हे समजणारा हा माणूस साइटवरच्या सुपरिंटेंडेंटशी दोन वाक्यांत बरोबरीने बोलू शकला असता. त्याच्यातील ज्ञान आणि त्याचे फिरणे यांची गाठ पडेल असा धंदा त्याला मिळाला नाही. ज्या गुणावर तो उभा राहू शकला असता त्याला त्याने घरकाम समजले, आणि जो गुण त्याच्यात यथातथाच होता त्यालाच पेशा मानले.

हॉवर्डबरोबरचा प्रवेशही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. विली तेथे काय मागतो? फिरतीतून सुटका आणि न्यूयॉर्कमधील कार्यालयात एखादी जागा. आठवड्याला पासष्ट डॉलरपासून सुरू झालेली त्याची मागणी चाळिसांवर येते. भाडे-व्यवसायात माणूस आतून बाहेर जातो. विलीला बाहेरून आत यावयाचे आहे, आणि आत त्याच्यासाठी काही नाही, कारण इतक्या वर्षांत त्याने आतले काहीच शिकून घेतलेले नाही. हॉवर्डच्या क्रौर्याचा निषेध करताना हे विसरले जाते. मात्र सारा दोष विलीवर टाकणेही अन्यायाचे होईल. नाटकाच्या काळापूर्वी काही आठवडे त्याचा पगार बंद करून त्याला केवळ कमिशनवर ठेवलेले आहे, हे आपल्याला लिंडाकडून कळते. ही कृती अमानुष असली तरी बेकायदेशीर नव्हती. १९३८ च्या 'फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट'ने किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला यांची हमी दिली, ती देतानाच 'आउटसाइड सेल्समन' या वर्गाला त्यातून वगळले. कार्यालयाबाहेर फिरणाऱ्याचे तास मोजता येत नाहीत, असा त्यामागील एक युक्तिवाद आहे. ही सूट आजही कायम आहे. २०१२ मध्ये औषध-कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने तिचा अर्थ व्यापकच लावला. हे प्रतिनिधी डॉक्टरांना काहीही विकत नसत, औषध लिहून देण्याचे केवळ आश्वासन मिळवीत. तरीही ते विक्रेतेच ठरले. विलीच्या न उघडलेल्या पेट्यांची आठवण व्हावी असाच हा निकाल आहे.

विलीच्या घरातील वस्तूंकडेही भाडे-व्यवसायाच्या नजरेने पाहावे. फ्रिज हप्त्यावर घेतलेला आहे आणि त्याचा पट्टा वारंवार तुटतो. मोटारीचे हप्ते फिटतात तोवर ती मोडकळीस येते. घराच्या पंचवीस वर्षांच्या गहाणाचा शेवटचा हप्ता विलीच्या अंत्यविधीच्या दिवशी भरला जातो. मालकी हाती येते तेव्हा वस्तू झिजलेली असते, किंवा मालक उरलेला नसतो. यंत्र भाड्याने घेणारा कंत्राटदार नेमकी हीच झीज टाळण्यासाठी भाडे मोजतो. जी व्यवस्था विलीला माल खपविण्यास पाठविते, तीच त्याच्या घरात माल खपविते, हा विरोधाभास मिलर यांनी फार सूक्ष्मपणे मांडला आहे, आणि नाटकाच्या आशयात तो सिंगलमनच्या कथेइतकाच मध्यवर्ती आहे.

डेव्हिड मॅमेट यांच्या 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस' (१९८३) या नाटकाचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. त्यातील जमीन विकणाऱ्यांची सारी धडपड 'लीड्स'साठी, म्हणजे संभाव्य ग्राहकांच्या नावांसाठी आहे. ती नावे कार्यालयात कुलूपबंद असतात आणि अखेर चोरली जातात. भाडे-व्यवसायातील विक्रेत्याची 'लीड' रस्त्यावरून दिसणाऱ्या क्रेनच्या रूपाने आकाशात उभी असते. ती चोरण्याची गरज नाही, ओळखण्याची आहे. हिंदी चित्रपटांत 'रॉकेट सिंग : सेल्समन ऑफ द इयर' (२००९) या चित्रपटाचा नायक विक्रीनंतरची सेवा हाच आपला माल मानतो आणि मालकाच्याच कार्यालयात बसून स्वतःची छुपी कंपनी चालवितो. या चित्रपटात भाबडेपणा आहे; तथापि विक्रेत्याचे काम विक्रीनंतर सुरू होते, हे त्याला मॅमेटपेक्षा अधिक समजले आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल की नाटक म्हणजे व्यवस्थापनाचे पाठ्यपुस्तक नव्हे. तो मान्य आहे. परंतु उलट दिशेने विचार केला असता प्रश्न गंभीर होतो. आपल्या महाविद्यालयांत वाणिज्य विभाग विक्रयकला शिकवितो आणि इंग्रजी विभाग विली लोमन शिकवितो; दोघांची भेट होत नाही. परिणामी एकाच विद्यार्थ्याला सकाळी सांगितले जाते की आकर्षक व्यक्तिमत्त्व आणि संभाषणचातुर्य हे विक्रेत्याचे भांडवल आहे, आणि दुपारी सांगितले जाते की या समजुतीने एका माणसाचा जीव घेतला. परिसर-मुलाखतींतही फर्डे बोलणारा पुढे जातो. वडिलांच्या ट्रॅक्टरचे इंजिन उघडून बसविणारा, परंतु इंग्रजीत अडखळणारा मुलगा मागे राहतो. यंत्र भाड्याने देणाऱ्या धंद्यात या दुसऱ्या मुलाला खरे तर अग्रक्रम मिळावयास हवा.

भाडे-व्यवसायाला आदर्श ठरविण्याचाही माझा हेतू नाही. तेथेही हॉवर्ड आहेत. एखाद्या विक्रेत्याने वर्षानुवर्षे जोपासलेला ग्राहक मोठा झाला की त्याला 'हाउस अकाउंट' ठरवून मुख्य कार्यालयाकडे वळविण्याची रीत आहे, आणि विक्रेत्याचे कमिशन त्याबरोबर आटते. तो नोकरी सोडून जाऊ लागला तर प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचा करार पुढे केला जातो. यंत्र कंपनीच्या मालकीचे, हे निर्विवाद. पण चिखलात उभे राहून कमावलेला सुपरिंटेंडेंटचा विश्वास कोणाच्या मालकीचा? कॅलिफोर्नियात असे करार सामान्यतः अग्राह्य आहेत, इतर अनेक राज्यांत ते कमी-अधिक प्रमाणात चालतात. असे करार देशभर रद्द ठरविणारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा २०२४ चा नियम अमलात येण्यापूर्वीच टेक्सासमधील न्यायालयाने रद्दबातल केला. आपल्याकडे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ धंद्यास प्रतिबंध करणारे करार निरर्थक ठरविते, त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर अशी बंदी टिकणे कठीण असते. शिवाय आपल्याकडे या धंद्याची घडणच बरीचशी निराळी आहे. तालुक्याच्या गावी एकच जेसीबी बाळगणारा मालक तो चालकासह तासाच्या दराने देतो, आपला मोबाइल क्रमांक यंत्रावरच रंगवितो आणि फोन स्वतः उचलतो. त्याच्या बाबतीत आतला आणि बाहेरचा विक्रेता हा भेद अद्याप पडलेला नाही.