प्रश्नाची व्याप्ती आणि पाहुण्यांची निवड

ध्वनिमुद्रित संवादमालेला ‘पॉडकास्ट’ हे नाव २००४ साली ‘द गार्डियन’मधील एका लेखात सुचविले गेले. तेव्हापासून या प्रकाराने नभोवाणीवरील मुलाखतीचा वारसा बराचसा आपल्याकडे घेतला आहे. मराठीतही अशा माला आता पुष्कळ निघतात. त्यांची चर्चा मात्र बहुधा तांत्रिक सफाई आणि लोकप्रियता यांपुरतीच होते. वस्तुतः मुलाखतींची माला ही एक रचना आहे, आणि कोणत्याही रचनेविषयी विचारावयाचा प्रश्न तिलाही विचारावयास हवा : हिच्या मुळाशी कोणती कल्पना आहे, आणि त्या कल्पनेत किती जीवन सामावू शकते?

मालेची आखणी सामान्यतः दोन पायऱ्यांनी होते. आधी विषय ठरतो आणि मग पाहुण्यांची यादी तयार होते. यादी एकसुरी वाटू लागली की तीत एखादी स्त्री, एखादा ग्रामीण लेखक, एखादा दलित कार्यकर्ता यांची भर घातली जाते. अशा रीतीने आलेले वैविध्य उपरे राहते, कारण मूळ कल्पना या नव्या पाहुण्यांसाठी घडविलेलीच नसते. पाहुण्यांचे वैविध्य आधी प्रश्नात असावे लागते. यादीत ते नंतर उतरते, असे मला वाटते. हे विधान तीन उदाहरणांवरून तपासून पाहता येईल.

ब्रिटिश नभोवाणीवर जानेवारी १९४२ मध्ये ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ ही माला सुरू झाली. रॉय प्लॉम्ली यांची कल्पना अगदी साधी होती : निर्जन बेटावर एकटे राहावयाचे असेल तर आठ ध्वनिमुद्रिका कोणत्या न्याल? या प्रश्नाचे उत्तर देण्यास संगीताचे ज्ञान लागत नाही. प्रत्येकाची स्मृती हाच त्याचा अधिकार. शिवाय प्रश्न गाण्यांविषयी असला तरी उत्तर आयुष्याविषयी येते. १९५८ साली ऑपेरा-गायिका एलिझाबेथ श्वार्झकॉफ यांनी आठांपैकी सात ध्वनिमुद्रिका स्वतःच्याच गायनाच्या निवडल्या. कितीही खोचक प्रश्न विचारून जे हाती लागले नसते ते या निरुपद्रवी चौकटीने सहज दाखविले. तथापि या मालेची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. तिचा प्रश्न कोणालाही विचारता येण्याजोगा आहे, पण तो विचारला गेला मुख्यतः नामवंतांना. कल्पनेची व्याप्ती दार उघडते. आत कोणाला बोलवावयाचे हा निर्णय तरीही संयोजकालाच करावा लागतो.

दुसरे उदाहरण ‘इन अवर टाइम’ या मालेचे. मेल्विन ब्रॅग यांनी ती १९९८ पासून २०२५ पर्यंत चालविली. एक विषय आणि त्या विषयाचे बहुधा तीन विद्वान, एवढीच तिची मांडणी. येथे प्रश्नच ज्ञानाचा असल्यामुळे पाहुणा अभ्यासकच असावा लागतो; केवळ विविधतेसाठी एखादा लोकप्रिय नट त्यांत बसविला तर माला मोडेल. तिचे वैविध्य तत्त्वज्ञानापासून पदार्थविज्ञानापर्यंत फिरणाऱ्या विषयांत आहे. यावरून असे दिसते की प्रत्येक मालेने सर्व प्रकारच्या माणसांना बोलवावे, असा नियम करता येत नाही. मात्र विद्वानच बोलवावयाचे ठरले, तरी ते त्याच दोन विद्यापीठांतील आणि त्याच परिचित वर्तुळातील का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्टड्स टर्केल यांनी शिकागोच्या नभोवाणी केंद्रावर १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षे मुलाखती घेतल्या. त्यांचे ‘वर्किंग’ (१९७४) हे पुस्तकही मुलाखतींचेच आहे. तुम्ही दिवसभर काय करता, आणि जे करता त्याविषयी तुम्हांला काय वाटते, हा त्याचा दुहेरी प्रश्न. पहिल्या अर्ध्या भागामुळे पोलाद-कारखान्यातील मजूर, उपाहारगृहात वाढणारी स्त्री, थडगी खणणारा आणि पियानो जुळविणारा हे सारे आपापल्या कामाचे तज्ज्ञ ठरतात. दुसऱ्या अर्ध्यामुळे त्यांचे अंतरंग खुले होते. येथे मजुराला ‘मजुरांचा प्रतिनिधी’ म्हणून बोलावे लागत नाही. तो आपल्या कामाविषयी अधिकाराने बोलतो.

आपल्याकडील बहुसंख्य संवादांत नेमके हेच घडत नाही. यादीत मागाहून भर म्हणून आलेल्या पाहुण्याला त्याच्या ओळखीपलीकडचे काही विचारलेच जात नाही. शास्त्रज्ञ स्त्रीला ‘स्त्री असूनही’ कसे जमले हे विचारावयाचे आणि तिच्या शेजारच्या पुरुषाला विज्ञानाचे भवितव्य विचारावयाचे. दलित कवीला यातना विचारावयाच्या आणि छंदाविषयी दुसऱ्याला विचारावयाचे. निमंत्रण मिळूनही हा पाहुणा उंबरठ्यावरच राहतो. हा अन्याय तर आहेच, पण तो कलादृष्ट्याही दोष आहे, कारण अशा मुलाखतीचे उत्तर श्रोत्याला आधीच ठाऊक असते.

यावर कोणी म्हणेल की प्रश्न नीट घडविला तर मोजदादीची गरज नाही. मला तसे वाटत नाही. बी.बी.सी.मध्ये २०१७ साली रॉस ॲटकिन्स यांनी आपल्या कार्यक्रमात किती स्त्रिया बोलल्या याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. ज्यांची निवड आपल्या हाती आहे तेवढ्याच व्यक्ती मोजावयाच्या, आणि गुणवत्तेत तडजोड करावयाची नाही, ही त्याची पथ्ये. ही प्रथा पुढे इतर अनेक कार्यक्रमांत पसरली. मोजणीने चांगला प्रश्न सुचणार नाही. पण आपली सवय आपल्याला दिसत नाही, आणि ती मोजणीने दिसते.

आता हे आपल्या भाषेपुरते लावून पाहू. ‘मराठीचे भवितव्य’ असा विषय घेतला की प्राध्यापक, संपादक आणि साहित्यिक हेच पाहुणे डोळ्यांपुढे येतात. त्याऐवजी ‘मनातल्या मनात हिशेब कोणत्या भाषेत करता?’ असे विचारावे. मग इंदूर-बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे, तंजावरात घरापुरती मराठी जपणारा गृहस्थ, मराठी आणि कन्नड या दोहोंत व्यवहार करणारा बेळगावचा दुकानदार, मराठीत भाव सांगून भोजपुरीत बेरीज करणारा मुंबईचा भाजीविक्रेता, हे सारे त्याच प्रश्नाचे अधिकारी होतात. भाषाशास्त्रज्ञही वगळला जात नाही. त्याला फक्त आधी स्वतःच्या मनातली बेरीज सांगावी लागते. आणि चिंता मूळचीच राहते.

केवळ व्याप्ती मात्र पुरेशी नाही. ‘बालपणीच्या आठवणी सांगा’ हेही सर्वांना विचारता येते, परंतु त्यातून गोड आठवणींपलीकडे फारसे काही निघत नाही. हिशेबाच्या प्रश्नात एक अडचण दडलेली आहे : बोलण्याची भाषा आणि मोजण्याची भाषा एक नसेल तर आपली भाषा कोणती? उत्तर देताना पाहुण्याला क्षणभर थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात मुलाखतीचे सत्त्व असते. म्हणून संवादमालेची परीक्षा करताना समीक्षकाने दोन गोष्टी पाहाव्यात : तिचा प्रश्न किती निरनिराळ्या माणसांना अधिकाराने उत्तरता येतो, आणि तो प्रत्येकाला काही नवे शोधावयास लावतो किंवा नाही. या दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या माला मराठीत वाढल्या, तर आजवर ज्यांच्याविषयीच लिहिले गेले अशा कितीतरी लोकांचे स्वतःचे बोलणे आपल्या गद्याला प्रथमच लाभेल.