पावसाळी शब्दकोड्यांतून शुद्धलेखन येते का?

जून-जुलै आला की मुलांच्या पुरवण्यांत आणि वर्गात वाटायच्या कागदांवर पावसाळी शब्दशोध दिसू लागतात. अक्षरांनी भरलेला चौकोन, खाली यादी: पाऊस, वीज, बेडूक, पूर, गारपीट. (महाराष्ट्रात गारपीट बहुधा मॉन्सूनच्या आधी होते, पण यादीत ती हमखास असते.) मुले रमतात, यात शंका नाही. परंतु यामुळे वाचन आणि शुद्धलेखन सुधारते, असे सांगितले जाते तेव्हा ते तपासून पाहायला हवे.

तपासणी सोपी आहे. कन्नड लिपी न येणाऱ्याला असाच कन्नड शब्दशोध यादीसह द्या. वेळ लागेल, पण तोही शब्द शोधून काढील. म्हणजे हे काम आकार जुळवण्याचे आहे. त्यासाठी वाचता यावेच लागते असे नाही. त्यात मराठी कोड्यांची एक खास खोड आहे. यादीतल्या शब्दांसाठी ‘पा’, ‘डू’, ‘पी’ अशी अक्षरे चौकटींत बसवावी लागतात. उरलेल्या चौकटी मात्र रचणारा क, ट, म अशा सुट्या अक्षरांनी भरून टाकतो. चलाख मूल मग नुसत्या वेलांट्या आणि उकार पाहत जाते! भरतीला ‘पि’, ‘डु’, ‘वि’ घातले असते, तर निदान ऱ्हस्व-दीर्घाकडे नजर गेली असती.

आडवे-उभे शब्दकोडे याहून बरे. तिथे यादी नसते, शब्द आठवावा लागतो. शिवाय छेदणाऱ्या चौकटीत दोन्ही शब्दांचे अक्षर मात्रेसकट एकच हवे. ‘वीज’ उभा असेल तर त्याच्या पहिल्या चौकटीतून ‘विहीर’ निघू शकत नाही. कोडे रचताना इथेच ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेतली, तर जे शिकवायचे तेच सोडून दिले असे मी म्हणेन.

तरीही मुख्य अडचण राहतेच. कोड्यात शब्द मूळ रूपात असतो, वाक्यात तो तसा राहत नाही. वीज-विजेचा, पूर-पुरात, पीक-पिकाला, गारपीट-गारपिटीने. विभक्ती लागली की उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते. (शरीर-शरीरात अशा तत्सम शब्दांचे वेगळे.) पाऊस-पावसात, बेडूक-बेडकाला यांत तर ऊकारच जातो. ‘ऋतू’ दीर्घ, पण ‘ऋतुचक्र’ ऱ्हस्व. मुले अडखळतात ती इथे, आणि पावसाळ्याच्या शब्दांत अशी उदाहरणे भरपूर आहेत.

दुसरीच्या वर्गाला शब्दशोध जरूर द्यावा. भरतीची अक्षरे तेवढी विचारपूर्वक निवडावीत. पाचवीपासून मात्र यादीत ‘गारपीट’ द्यावा आणि खाली पाच रिकाम्या चौकटींनी सुरू होणारे वाक्य: ‘… द्राक्षबागेचे नुकसान झाले.’ चौथ्या चौकटीत ‘टी’ आणि तिसऱ्या चौकटीत ‘पि’ का, हे मुलांनीच सांगावे. अशी दहा वाक्ये रचायला शिक्षकाला तासभर लागेल. अक्षरांचा चौकोन दहा मिनिटांत भरतो, आणि बहुधा म्हणूनच तो दर पावसाळ्यात छापला जातो.