फ्रीझ कास्टिंगने घडविलेली सच्छिद्र सिरॅमिक्स : सामर्थ्याच्या दाव्याची चिकित्सा
देव्हिल, साइझ, नल्ला व टॉम्सिया यांचा २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या क्षेत्रात मूलभूत मानला जातो. सिरॅमिक चूर्णाचे पाण्यातील मिश्रण एका दिशेने गोठविले असता वाढते बर्फस्फटिक कणांना बाजूस सारतात; बर्फाचे संप्लवन करून सांगाडा भट्टीत भाजल्यावर बर्फाच्या जागी छिद्रे उरतात. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे असे सांगाडे तत्कालीन रोपणद्रव्यांच्या चौपटीपर्यंत बळकट असल्याचे लेखकांनी नोंदविले. परंतु अशा थरयुक्त रचनेचे सामर्थ्य बर्फवाढीच्या दिशेत सर्वाधिक असते; आडव्या भाराखाली ते घटते. शिवाय शीघ्र गोठवणीने थर सूक्ष्म होऊन बळकटी वाढते, तरी छिद्रे अरुंद होऊन अस्थिपेशींचा शिरकाव अवघड होतो. म्हणूनच भाराची दिशा व छिद्रांची रुंदी यांच्या उल्लेखाविना दिलेला सामर्थ्याचा आकडा अपूर्ण ठरतो.