सुनील अमृत यांच्या समुद्रात मासळी किती?

समुद्राचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी किल्ले येतात. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी-उंदेरी. मग कान्होजी आंग्रे. आणि मग 1756 साली तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गात जळाले, त्याची आजही न शमलेली हळहळ. हे सगळे वाचण्यासारखे आहे, प्रश्नच नाही. पण या इतिहासात समुद्र स्वतः काही करत नाही. लढाईसाठी अंथरलेल्या सतरंजीसारखा तो नुसता पडून असतो. इंग्रजीतले सागरी इतिहासलेखनही बराच काळ याच वळणाचे होते: कप्तान, तोफा, कंपन्यांचे हिशेब. फर्नां ब्रोदेल यांनी 1949 मध्ये भूमध्य समुद्रावरच्या ग्रंथात राजाच्या आधी डोंगर, वारे आणि ऋतू आणून बसवले, तेव्हा कुठे या विषयाची कूस पालटली. हिंदी महासागरापुरते ते काम के. एन. चौधुरी यांनी 1985 च्या ग्रंथात आणि मायकेल पिअर्सन यांनी आयुष्यभर केले. पिअर्सन हे गुजरातचे व्यापारी आणि गोव्यातले पोर्तुगीज यांच्या अभ्यासातून पुढे आलेले, म्हणून आपल्या किनाऱ्याला जवळचे.

तरीही या मंडळींचा समुद्र प्रामुख्याने व्यापाराचाच होता. निसर्ग यायचा तो जहाज कधी सुटणार हे ठरवायला. दुसरीकडे भारतात पर्यावरणाचा इतिहास उभा राहिला तो जंगलाच्या वाटेने. रामचंद्र गुहा, माधव गाडगीळ यांची सुरुवातीची पुस्तके आठवावीत. हा प्रवाह किनाऱ्यापाशी येऊन थांबायचा, तो प्रवाह किनाऱ्यापासून सुरू व्हायचा. या दोहोंना जोडणाऱ्यांत आज सुनील अमृत यांचे नाव अगदी पहिल्या ओळीत घ्यावे लागते.

अमृत यांची जन्मकथाच समुद्र ओलांडणारी आहे. आईवडील दक्षिण भारतीय, जन्म केनियात, लहानपण सिंगापुरात, शिक्षण केंब्रिजला, नोकरी आधी लंडनच्या बर्कबेक कॉलेजात, नंतर हार्वर्डला आणि आता येल विद्यापीठात. पहिले पुस्तक 2006 चे, भारत आणि आग्नेय आशियातल्या सार्वजनिक आरोग्याच्या राजकारणावर. पुढचे 2011 चे, आशियातल्या स्थलांतरावर. दोन्ही अभ्यासकांसाठी. त्यांतला दुसरा विषय हाच पुढच्या सगळ्या लेखनाचा पाया ठरला, एवढे सांगून त्यांना इथेच निरोप देतो.

खरे अमृत भेटतात ते 2013 च्या ‘क्रॉसिंग द बे ऑफ बेंगॉल’मध्ये. 1840 ते 1940 या शंभर वर्षांत बंगालचा उपसागर जातायेता मिळून सुमारे 2 कोटी 80 लाख वेळा माणसांनी ओलांडला, हा या पुस्तकाच्या मुळाशी असलेला आकडा. अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेलेल्यांवर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे. ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायाकडे गेलेल्या तमिळ-तेलुगू मजुरांची ही लाट मात्र जगाच्या इतिहासात तळटीपेइतकीही नव्हती. बहुतेक जण दोन-तीन वर्षे राबून परत येत, पुन्हा जात. त्यामुळे ते कोणत्याच देशाच्या राष्ट्रीय इतिहासात धड बसले नाहीत. अमृत यांनी त्यांना बसवायला देश न शोधता समुद्रच घेतला, आणि पुस्तकाची निम्मी बाजी तिथेच जिंकली.

ही भरती कशी चाले, ते या पुस्तकात बारकाईने येते. मळ्यावरचा कंगाणी, म्हणजे आपल्याकडचा मुकादमच, मालकाचे पैसे घेऊन स्वतःच्या गावी परते, नात्यागोत्यातल्या माणसांना उचल देई आणि त्यांना घेऊन नागपट्टिणमच्या धक्क्यावर येई. बोटीत पाय ठेवतानाच मजुराच्या डोक्यावर कर्ज असे. ऊसतोडणीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पलीकडे मलायात ब्राझीलहून आलेल्या रबराच्या झाडांसाठी जंगल साफ होत होते, इरावतीच्या मुखाशी खारफुटी आणि झाडी तोडून चेट्टियार सावकारांच्या कर्जावर भातखाचरे पसरत होती. अमेरिकेतल्या मोटारींचे टायर, तंजावरच्या बाजूला हुकलेला पाऊस आणि मलायातली तोडलेली झाडे एकाच वाक्यात यावीत आणि वाक्य मोडू नये, ही अमृत यांची हातोटी. आगबोटींनी जहाजांना वाऱ्याच्या तंत्रातून सोडवले. माणसे मात्र पावसाच्या तंत्रातच राहिली. पाऊस गेला की बोटी भरत.

मला या पुस्तकातली सगळ्यांत आवडती जागा नागोरच्या दर्ग्याची. नागोरचे पीर शाहुल हमीद हे दर्यावर्दी माणसांचे संकटमोचक. तमिळ मुसलमान व्यापारी-खलाशी जिथे गेले तिथे त्यांच्या नावाचा दर्गा उभा राहिला, पेनांगला आणि सिंगापूरलाही. सिंगापूरचा दर्गा तेलोक आयर रस्त्यावर आहे. 1830 च्या सुमारास तो बांधला तेव्हा तिथे किनारा होता. पुढे भराव पडत गेले, समुद्र दूर सरकला आणि खलाशांचा पीर उंच कचेऱ्यांच्या गर्दीत राहून गेला. हा इतिहासकार कागदपत्रांइतकाच अशा जागांवर विश्वास टाकतो, आणि म्हणून पुस्तकात माणसे दिसतात.

मग 1930 ची मंदी येते, रंगूनच्या गोदीत तेलुगू हमालांवर हल्ले होतात, 1942 मध्ये जपानी फौजांपुढून लाखो भारतीय डोंगरवाटांनी पायी निघतात, स्वातंत्र्यानंतर पासपोर्ट येतात आणि कालपर्यंतचे येणेजाणे गुन्हा ठरते. शेवटी समुद्राची पाळी: नद्यांवर धरणे झाल्याने मुखाशी पोहोचणारा गाळ कमी झाला, त्रिभुज प्रदेश खचू लागले, पाणी चढू लागले. एकेकाळी स्थलांतराने जोडलेला हा किनारा पुन्हा स्थलांतराच्याच उंबरठ्यावर आहे, हे अमृत आकांडतांडव न करता दाखवतात.

यानंतर मानसन्मान येत गेले: 2016 चा इन्फोसिस पुरस्कार, 2017 ची मॅकआर्थर फेलोशिप, 2022 चा हायनेकेन पुरस्कार. त्यासोबत पुस्तकांचा पटही मोठा होत गेला, आणि माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते.

2018 च्या ‘अनरूली वॉटर्स’मध्ये अमृत पावसाकडे वळले. 1875 मध्ये हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले आणि लगेच 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ पडला. मद्रास, म्हैसूर आणि आपला दख्खन त्यात होरपळून निघाला. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची हकिकत गोळा करून सरकारला धाडत होती तो हाच दुष्काळ. पाऊस का हुकतो या प्रश्नाचा पाठलाग करता करता शास्त्रज्ञ समुद्रापर्यंत कसे गेले, ही या पुस्तकाची गोष्ट. त्यात गिल्बर्ट वॉकर यांचे व्यक्तिचित्र सुरेख आहे. 1904 मध्ये हा केंब्रिजचा गणिती हवामान खात्याचा प्रमुख झाला. हवामानशास्त्राशी त्याचा आधी संबंध नव्हता. जगभरच्या वायुदाबाचे, पावसाचे, पुराचे आकडे कारकुनांकडून मांडून घेत त्याने वीस वर्षे घालवली. मान्सूनचे खात्रीचे भाकीत काही त्याला जमले नाही. पण प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब तराजूसारखा खालीवर होतो हे त्याने पकडले. आज एल निनो आला म्हणून वर्तमानपत्रात मथळा येतो, त्याची एक मुळी हवामान खात्याच्या सिमल्यातल्या कचेरीत आहे.

याच धाग्याने अमृत 1959 ते 65 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेपर्यंत येतात. तिचे हवामान केंद्र मुंबईत कुलाब्याला होते आणि तिच्यातूनच 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, जी आज गोव्यात दोनापावलाला आहे. समुद्र आणि जमिनीखालचे पाणी एकाच प्रकरणात घेण्याचे धाडस त्यांनी केले आहे आणि ते साधलेही आहे. धरणांच्या भागात मात्र पुस्तक सरकारी फायलींना फार चिकटते. कंवर सैन आणि के. एल. राव हे अभियंते 1954 मध्ये चीनची धरणे पाहायला गेले तो वृत्तांत रंगतो. पण ज्यांची गावे पाण्याखाली गेली ती माणसे कंगाणीच्या मजुरांसारखी आपल्या आवाजात बोलत नाहीत.

2024 चे ‘द बर्निंग अर्थ’ तर पाचशे वर्षांचा आणि सगळ्या पृथ्वीचा इतिहास आहे. पोटोसीची चांदी, दक्षिण आफ्रिकेचे सोने, बाकूचे तेल, दोन महायुद्धे, 1972 ची स्टॉकहोम परिषद. पुस्तक वाचनीय आहे, शैलीवरचा ताबा कुठे सुटत नाही. स्वातंत्र्याची, सुबत्तेची माणसाची ओढ आणि पृथ्वीचा विध्वंस यांचे नाते ते नेमके मांडते. पण दर चार पानांनी खंड बदलतो. एखाद्या माणसाशी ओळख होते न होते तोच लेखक टोपी उचलून पुढे निघतो. जागतिक इतिहासाच्या प्रकाशकांना आज अशी पुस्तके हवी आहेत, विद्यापीठांनाही हवी आहेत. अमृत त्या प्रकारातले उत्तम लेखक आहेत, इतकेच. मला विचाराल तर त्यांचे सर्वोत्तम पुस्तक अजूनही 2013 चेच.

दुसरी तक्रार अधिक मुळातली आहे. अमृत यांच्या समुद्रावर बोटी आहेत, बोटींत माणसे आहेत, वर ढग आहेत, काठाला भातखाचरे आहेत. पाण्याखाली काय आहे, याची विचारपूस फार थोडी. मासळी येते ती बहुधा संकटाच्या यादीत, प्रदूषण आणि वादळांच्या जोडीला.

इथे जेफ्री बोल्स्टर यांची आठवण होते. हे अमेरिकन गृहस्थ प्राध्यापक होण्याआधी कित्येक वर्षे शिडाच्या जहाजांवर नोकरी करत होते. पहिले पुस्तक ‘ब्लॅक जॅक्स’ 1997 चे, कृष्णवर्णीय खलाशांवर. पण 2012 च्या ‘द मॉर्टल सी’मध्ये त्यांनी मासळीलाच इतिहासात आणले. मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्ली गावच्या मच्छीमार जहाजांच्या 1850 च्या दशकातल्या रोजनिश्या शिल्लक होत्या. आज कुठे गळ टाकला, कोणाला किती कॉड मिळाले, याची रोजची नोंद. बोल्स्टर आणि त्यांचे मत्स्यशास्त्रज्ञ सहकारी यांनी त्या नोंदींवरून हिशेब मांडला: 1852 मध्ये नोव्हा स्कोशियाजवळच्या उथळ समुद्रात सुमारे 12 लाख 60 हजार टन कॉड असावा. 2005 मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा तिथे 50 हजार टनही उरला नव्हता. मोठ्या यंत्रनौका आल्या आणि समुद्र संपला, ही सोपी समजूत बोल्स्टर मोडतात. शिडे आणि हातगळांच्या काळातच पाणी विरळ होऊ लागले होते. आणि ते आधी ओळखले मच्छीमारांनी. हजारो गळांची लांब दोरी समुद्रात सोडण्याची नवी पद्धत आली, तेव्हा तिच्यावर बंदी घाला असे अर्ज त्यांनीच केले. सरकारी तज्ज्ञ मात्र समुद्र अक्षय आहे असे सांगत राहिले. न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी कॅनडाने बंद केली ती 1992 साली.

पट अमृत यांचा मोठा, खोली बोल्स्टर यांची जास्त. या विषयाची आजची अवस्था मला या दोन नावांच्या मधली वाटते: पुरस्कार पटाला मिळतात, नवे ज्ञान मात्र रोजनिशीतून येते.

आता आपल्याकडे या. गोव्यात 1970 च्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळे ओढणारे मच्छीमार, रस्त्यावर उतरले. किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मासेमारीला राखून ठेवा, ही त्यांची मागणी. 1980 मध्ये गोव्यात आणि 1981 मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पर्ससीन जाळ्यांवरून वर्षानुवर्षे भांडणे झाली, 2016 मध्ये राज्य सरकारने निर्बंध घातले, आणि भांडण अजून चालू आहे. म्हणजे बोल्स्टर यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या अर्जांत जे शोधले, ते आपल्याकडे डोळ्यांदेखत घडले. त्यावर बातम्या आहेत, समित्यांचे अहवाल आहेत. इतिहासग्रंथ म्हणावा असे मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही. मुंबई-कोकण बोट वाहतुकीचेही तसेच. 17 जुलै 1947 ला रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. आपण ती शोककथा म्हणून सांगतो. त्या बोटीत बसायला लावणारा कोकण, त्याचे नापीक कातळसडे, गिरणीतली नोकरी आणि पावसाळ्यात बंद होणारी बंदरे यांचा एकत्र इतिहास लिहायला आपल्याला एक अमृत हवा आहे.

साधने नाहीत असेही नाही. अपोलो बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत. 1880 च्या आगेमागे निघालेल्या रत्नागिरी, कुलाबा, ठाणे जिल्ह्यांच्या गॅझेटियरमध्ये बंदरे, होड्या, जाळी आणि माशांच्या जातींची माहिती आहे. सगळ्यांत मोलाचे कागद मात्र कोळीवाड्यांत आहेत: मच्छीमार सोसायट्यांची बर्फाची, डिझेलची खाती, मासळीच्या वजनाच्या वह्या, तांडेलाने खलाशांचा वाटा मांडलेली चोपडी. बेव्हर्लीच्या रोजनिश्यांहून या वह्या कमी बोलक्या नसतील. सोसायटीची जुनी इमारत पाडताना किंवा घराचा पोटमाळा रिकामा करताना त्या रद्दीत जातात. ज्यांच्या घरात अशी एखादी वही असेल त्यांनी ती जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवावी, निदान मोबाइलवर पानांचे फोटो तरी काढून ठेवावेत.