दोषांचे सामर्थ्य आणि ग्राहकाची कसोटी

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभिषेक सिंग, श्रीगणेश प्रभू व त्यांचे सहकारी यांचा २०१४ साली ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध टेराहर्ट्झ प्रारणाच्या अभ्यासकांनी बारकाईने वाचावा असा आहे. गॅलियम आर्सेनाइडवर कार्बन आयनांचा मारा करून सुमारे २ मायक्रॉन खोलीपर्यंत स्फटिकात मुद्दाम दोष निर्माण करावयाचे, ही त्यातील मूळ कल्पना. लेसरच्या स्पंदाने मुक्त झालेले विद्युद्वाहक या दोषांत लवकर अडकतात. निरर्थक प्रवाह आणि उष्णता घटते. २५ मायक्रॉन अंतरावरील विद्युदग्रांना पूर्वी सुमारे ३५ व्होल्टच सोसत, ते आता १५० हून अधिक सोसू लागले, आणि उत्सर्जित शक्ती शंभरपटीच्या घरात गेली.

हा आकडा मोहक खरा. पण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात धरली तर ३५ वरून १५० वर जाण्याने ती साधारण अठरापट व्हावी. उरलेल्या वाढीला दुसरे कारण हवे. दोन्ही कारणे एकाच आकड्यात गुंडाळून वाचू नयेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न ग्रहणाचा. १९८४ साली ऑस्टन, च्युंग व स्मिथ यांनी एकाच जातीची प्रकाशसंवाहक अँटेना प्रक्षेपक आणि ग्राहक अशा दोन्ही नात्यांनी वापरली. तेव्हापासून चांगला प्रक्षेपक तो चांगला ग्राहक, असे गृहीत धरण्याकडे विद्यार्थ्यांचा कल होणे स्वाभाविक आहे. परंतु ग्राहकास बाहेरून व्होल्टेज दिलेलेच नसते. लेसरचा स्पंद क्षणभर दार उघडतो आणि येणाऱ्या तरंगाचे विद्युत्‌क्षेत्र वाहकांना ढकलते. तो अल्पसा प्रवाह मोजावयाचा. लेसरच्या वाटेतील आरसा ०.१५ मिलिमीटर सरकविला की दार १ पिकोसेकंद उशिरा उघडते, आणि अशा नोंदींतून तरंगाचा आकार हाती येतो. वाहक दीर्घायुषी असले तर दार उघडेच राहते, गोंगाट साचतो. दोष वाढविले तर तो आटतो. पण वाहकांची चलनशीलताही खालावते आणि मूळ संकेतच क्षीण होतो. म्हणून उष्णता आवरणारी आयनमात्रा ग्राहकाला मानवेलच असे नाही. ती संकेत आणि गोंगाट यांच्या गुणोत्तरावरून स्वतंत्रपणे ठरविली पाहिजे.

त्यासाठी एक कसोटी फुकट उपलब्ध आहे. जुहूसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेतील पाण्याची वाफ ०.५५७, ०.७५२ व १.०९७ टेराहर्ट्झला प्रारण शोषून घेते. प्रयोगशाळा एरवी तिला शत्रू मानून वाट कोरड्या नायट्रोजनने भरतात. वस्तुतः या रेषांच्या स्थानावरून वारंवारतेची मोजपट्टी तपासता येते. प्रबळ रेषेच्या तळाशी मात्र संकेत गोंगाटाच्या पातळीस टेकला, तर दिसणारी खोली वाफेची नसून ग्राहकाच्या मर्यादेची असते. कोरड्या नायट्रोजनातील नोंद शेजारी ठेवल्यावाचून हे दोन वेगळे काढता येत नाहीत.