बारा खटके, एक ग्राउंड

आर्केड स्टिक म्हणजे मांडीवर किंवा टेबलावर ठेवायची एक पेटी. डाव्या हाताला गोल मुठीचा दांडा, उजव्या हाताला तळव्याच्या बाकाप्रमाणे मांडलेली मोठी बटणं. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर 2’ या 1991 च्या गेमने तीन ठोसे आणि तीन लाथा ही सहा बटणांची मांडणी जगभरच्या गेम पार्लरांत रुजवली. पुढे गेम घरात आला आणि सगळा कारभार अंगठ्यांवर, म्हणजे पॅडवर, येऊन पडला. 2009 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 4’ घरच्या कन्सोलवर आला तेव्हा अनेकांना पुन्हा दांडा हवासा झाला. पण एक्सबॉक्स 360 परवाना नसलेला कंट्रोलर ओळखतच नसे. त्यावर खेळाडूंनी काढलेला उपाय असा, की कन्सोलचा स्वतःचाच पॅड उघडायचा, आतला बोर्ड काढायचा आणि त्याच्या बटणांच्या जागी आपल्या पेटीतली बटणं जोडायची. या कामाला पॅडहॅक म्हणतात. हस्तकौशल्य म्हणून त्याचं कौतुक होतंच, पण माझ्या मते त्याचं खरं सौंदर्य संयमात आहे. करणारा फक्त हाताकडची बाजू बदलतो, यंत्राकडच्या बाजूला धक्काही लावत नाही.

हे शक्य होतं ते बटणाच्या साधेपणामुळे. पॅडवरचं बटण दाबलं की रबराच्या घुमटाखालची कार्बनची टिकली बोर्डवर टेकते आणि तांब्याच्या दोन रेषा जोडल्या जातात. एवढंच. त्या रेषा रबराने जोडल्या, वायरने जोडल्या की तीस मिलिमीटरच्या जपानी बटणाने, याची चिपला खबर नसते. हे ओळखलं की अंगठ्यासाठी बेतलेली वस्तू अख्ख्या हाताची होऊ शकते.

आता एक जॉइंट जवळून पाहू. बटणाखालच्या काळ्या कार्बनवर सोल्डर धरत नाही. म्हणून त्या जागेतून निघणारी तांब्याची रेषा शोधायची आणि तिच्यावरचा हिरवा लेप धारदार पात्याने हलकेच खरवडायचा. तीळभर तांबं चमकलं की थांबायचं. मग फ्लक्स, सोल्डरचा पातळ थर, आणि तीस गेजची वायर. ही वायर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. तिच्या टोकालाही आधीच सोल्डर चढवलेलं असतं, त्यामुळे सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवलं की दोन्ही थर एकजीव होतात. जमलेला जॉइंट लकाकतो, वायरच्या कडेने उतरत बोर्डावर पसरतो. मळकट, गोळ्यासारखा बसलेला जॉइंट म्हणजे ड्राय सोल्डर. तो आज चालेल आणि सामन्यात दगा देईल. वायरला हिसका बसला तर रेषा बोर्डापासून उखडून येते, म्हणून जाणता कारागीर जॉइंटपासून थोड्या अंतरावर हॉट ग्लूचा थेंब टाकतो. ओढ बसलीच तर ती ग्लूने सोसायची, तांब्याने नाही.

मला सर्वांत आवडतो तो ग्राउंडचा हिशेब. चार दिशा, सहा फटके, स्टार्ट आणि बॅक असे बारा खटके. प्रत्येकाचे पाय दोन, म्हणजे वायरची चोवीस टोकं. पण बोर्ड ‘कॉमन ग्राउंड’चा असेल तर प्रत्येक खटक्याचा एक पाय एकाच ठिकाणी जातो. मग एकच काळी वायर या बटणावरून त्या बटणावर माळत न्यायची आणि शेवटी बोर्डावर एका बिंदूत जोडायची. चोवीसचं काम तेरावर आलं. हे भाग्य प्रत्येक बोर्डाचं नसतं. एक्सबॉक्स 360 च्या सुरुवातीच्या वायरवाल्या पॅडमध्ये खटके मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत गुंफलेले होते. तिथे माळ चालत नाही. म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून रेषांमागून रेषा तपासायच्या, कुठे बीप येतो ते टिपायचं. या कामात बुद्धी लागते ती इथे.

सर्वांत नाजूक जागा ट्रिगरची. रूढ मांडणीत जोरकस लाथ उजव्या ट्रिगरवर येते, आणि ट्रिगर हा चालू-बंद खटका नव्हे. तो किती दाबला हे पोटेन्शिओमीटर व्होल्टेजच्या चढउताराने सांगतो. तो नुसता कापून टाकला तर बोर्ड गोंधळतो आणि लाथ आपोआप सुटत राहते. ज्या बोर्डात ट्रिगर दाबल्यावर व्होल्टेज उतरतं, तिथे दहा किलोओहमचा एक रेझिस्टर लावून ते वर धरून ठेवायचं, आणि बटणाने ते ग्राउंडला ओढायचं. अंगठ्याची स्टिक कापली तरी तोच प्रश्न. तिच्या जागी दोन सारखे रेझिस्टर बसवले की व्होल्टेज बरोबर निम्म्यावर स्थिर राहतं, आणि बोर्डाच्या लेखी स्टिक मधोमध उभी असते. काही पैशांच्या या भागांत किती समज भरलेली आहे!

बटणाच्या टोकाला मात्र सोल्डर नसतंच. सान्वा कंपनीच्या बटणांच्या पायांवर 2.8 मिलिमीटरचे क्लिप नुसते सरकवून बसवायचे. बटणं झिजणार, बदलावी लागणार. बोर्डावरचा जॉइंट पुन्हा गरम करायची वेळ येऊ नये. काय पक्कं करायचं आणि काय सुटं ठेवायचं, हा विवेक चांगल्या पेटीचं झाकण काढताच दिसतो.

या सगळ्याचं फळ हाताला मिळतं. दांड्याखाली चार मायक्रोस्विच असतात. तिरप्या दिशेला दोन एकदम मिटतात आणि टिकटिक बोटांना कळते. फायटिंग गेमच्या 2004 च्या इव्हो स्पर्धेत दाइगो उमेहारा या खेळाडूने ‘थर्ड स्ट्राइक’ या गेममध्ये प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचे पंधरा फटके लागोपाठ परतवले, तेव्हा प्रत्येक फटक्याला नेमक्या क्षणी दांडा पुढे ढकलावा लागत होता. प्रतिमा सेकंदाला साठदा बदलणाऱ्या खेळात सगळी भिस्त त्या एका खटक्यावर होती.

आज ब्रूकसारख्या कंपन्यांचे तयार बोर्ड मिळतात, रास्पबेरी पाय पिकोवर जीपी2040-सीई हे खुलं फर्मवेअर चढवता येतं. पॅड फाडायची गरज उरलेली नाही, पण त्यामागचं तत्त्व जुनं झालेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या 2018 मधल्या अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या पाठीवर 3.5 मिलिमीटरचे एकोणीस जॅक आहेत. कोपराने, पायाने, हनुवटीने दाबायचा कुठलाही खटका तिथे लागतो, आणि ज्यांची बोटं चालत नाहीत तेही खेळतात. अंगठा हाच एकमेव मार्ग नाही, हे घरच्या टेबलांवर सोल्डरच्या धुरात बसलेल्या माणसांनी कितीतरी आधी सिद्ध केलं होतं.

घरात बंद पडलेला जुना वायरचा कंट्रोलर असेल तर भंगारात देऊ नका. मागचे स्क्रू काढा, मल्टिमीटर हातात घ्या आणि ग्राउंड शोधा.